एक माप मोठं

ग्लोव्हज घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी रंग बघतो. मग मनगटावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघतो. मग मोबाइल काढून त्यात काहीतरी बघतो. स्वतःच्या हाताकडे मात्र बघत नाही. एकोणीस वर्षं मी खेळाच्या सामानाच्या या दुकानात बेसबॉलच्या काउंटरवर उभा आहे, आणि एकोणीस वर्षांत लोक शहाणे झाले असं मला एकदाही वाटलेलं नाही.

चेंडू झेलायचा तो सुपाएवढा ग्लोव्ह वेगळा. तो कोणीही विकेल. मी म्हणतोय ते बॅटिंगचे ग्लोव्हज. बॅट धरताना दोन्ही हातांत घालायचे, तळव्याला मेंढीचं पातळ कातडं, मनगटावर चिकटपट्टा. हे निवडायला अक्कल लागते, आणि ती गिऱ्हाइकाकडे नसते म्हणून मला पगार मिळतो.

मी माप विचारत नाही. "मला मोठं माप लागतं" असं कोणी ऐटीत म्हणालं की मी म्हणतो, "बरं, हात द्या." त्याचा हात माझ्या हातात घेतो. बोटं एकेक करून दुमडतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघतो. मग ग्लोव्ह चढवतो आणि बोटांच्या बेचक्यांतून तो शेवटपर्यंत दाबत नेतो. टोकाशी चिमटा काढायचा. चिमटीत नुसतं कातडं आलं तर माप मोठं. मग काउंटरवरची बॅट त्याच्या हातात देऊन मूठ आवळायला लावायची. तळव्यात सुरकुती पडली तरी माप मोठं. जिथे सुरकुती तिथे फोड, यात अपवाद नाही. नवा ग्लोव्ह थोडा घट्टच हवा, कारण कातडं वापराने सैलावतं. माणसं वापराने आखडतात, ती गोष्ट वेगळी. माप ठरलं की आतलं लेबल मी कात्रीने कापून टाकतो, ते मनगटाला टोचतं. आणि शेवटी रागवायचं. घामाने भिजलेले ग्लोव्हज पिशवीत कोंबू नका, उन्हात टाकू नका, हीटरवर ठेवू नका, पत्रा होईल त्यांचा. ओल्या फडक्याने पुसा, हातात घालून मूठ चार वेळा उघडा-मिटा, मग सावलीत वाळवा. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन पिशवीत कोंबतात.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दुसऱ्या माणसाचा हात माझ्या हातात असतो. ही मिनिटं मी पूर्वी कधी मोजली नव्हती. आई गेली तेव्हापासून मोजायला लागलो.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, म्हणजे झालं नाही. "आईला बघायला कोणीतरी हवं" असं सांगत राहिलो, आणि ते कारण संपलं तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो. बहीण आहे, लांब राहते. तिच्या घरी फोन उचलायला तिघं जण आहेत आणि तिघंही "ती बाहेर गेलीय" असंच सांगतात. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. पाठीला एक जुनं दुखणं आहे, त्यावर रोज मलम लावावं लागतं. नेमकं पाठीच्या मध्यावर, जिथे कोणाचाच हात पोचत नाही. मी ते मलम दाराच्या चौकटीला फासतो आणि चौकटीला पाठ घासतो. हसा. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं.

तर आता घड्याळजींबद्दल.

घड्याळजी म्हणजे दोन रस्ते सोडून घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे ना, त्याचे मालक, कारागीर आणि नोकर, तिन्ही तेच. वय बासष्ट. दर रविवारी पन्नाशीपुढच्या लोकांच्या संघातून बेसबॉल खेळतात. वर्षातून दोनदा माझ्याकडे यायचे, एकदा हंगामाच्या आधी आणि एकदा मध्यावर. दारातूनच ओरडायचे, "काय मोजेराव, आहात का जिवंत?" हे नाव त्यांनीच मला दिलेलं. दुकानात मला दुसरं कोणी कुठल्याच नावाने हाक मारत नाही, "अहो, जरा इकडे" एवढ्यावर भागतं. घड्याळजी आले की दहा मिनिटांचं काम पाऊण तास चालायचं. बायकोने भिंतीला लावलेला रंग, धाकट्या मुलीचं बाळंतपण, पिचर म्हणून चेंडू टाकणाऱ्या निवृत्त औषधविक्याचा खांदा, सगळ्याची इत्थंभूत हकिकत. बोलताना त्यांचा हात माझ्याच हातात राहायचा. घड्याळं उघडून उघडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, तळवा मात्र कामकऱ्याचा. माप मध्यम. डोळे बांधून शंभर हात पुढे केले असते तरी मी तो ओळखला असता.

तुम्ही म्हणाल, दोन रस्ते सोडून दुकान, मग जाऊन बसायचं की! बोलायला काय जातं. मला कामाशिवाय कोणाच्या दारात उभं राहता येत नाही. आणि काम काय काढणार? माझ्या मनगटावरचं घड्याळ त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी दुरुस्त केलं आणि तेव्हापासून ते मेलं बंद पडायला तयार नाही.

यंदा हंगामाच्या आधी ते आले, ओरडले, हात पुढे केला. मी मध्यम मापाची जोडी काढली. उजव्या हाताचा ग्लोव्ह चढवत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "मोजेराव, ही शेवटची तसदी बरं का तुम्हाला. जावई म्हणतो, पुढच्या वेळेपासून मोबाइलवरच मागवू. घरपोच येतं म्हणे. आणि जोडी चांगली जपली तर वर्षभर पुरतेच की, तुम्हीच सांगता."

"हो, जपली तर पुरते," मी म्हणालो.

"मग झालं तर! सुटलात तुम्ही."

ते हसत होते. मी त्यांचा हात धरून उभा होतो. खोटं का बोलू, मला त्यांचा राग आला. कसला राग, तेही सांगता येईना. माणूस सोयीचं बघतो, त्यात त्याचा काय दोष. मी म्हणालो, "हे नको. यात शिलाई बरोबर नाही. थांबा." आणि मागच्या फळीवरून त्याच रंगाची, एक माप मोठी जोडी काढली. मापाचं लेबल मी तिथेच, त्यांना दिसायच्या आत कापून टाकलं.

चढवली. बोटाच्या टोकाशी चिमटा काढायचा, तो काढला नाही. त्यांनी बॅट धरली आणि तळव्यात सुरकुती पडली. ती आम्हा दोघांनाही दिसली.

"जरा सैल नाही वाटत?" ते म्हणाले.

"यंदाचं कातडं वेगळं आहे," मी म्हणालो. "घामानं आटतं. दोन-चार दिवस वापरा, बसेल हाताला. नाहीच बसलं तर आठ दिवसांत घेऊन या, बदलून देतो."

मेंढीचं कातडं घामाने आटून हाताला बसत नाही. मला माहीत होतं. एकोणीस वर्षांत मी एकाही माणसाला चुकीचं माप दिलेलं नव्हतं, आणि दिलं ते या माणसाला. माझा हिशेब साधा होता. चार दिवसांत ते कुरकुरत येतील, मी मध्यम जोडी काढीन, पुन्हा हात, पुन्हा पाऊण तास. कोणाचं काय बिघडणार होतं?

पहिले चार दिवस मी दाराकडे बघत काढले. पाचव्या दिवशी एका बाईंना त्यांच्या हाताचं माप सांगताना चुकलो, त्यांनीच दुरुस्त केलं. आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घड्याळजींच्या दुकानावरून गेलो. काचेच्या आत घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले होते. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं की त्यांना सगळं कळलंय. मग वाटलं, काहीच कळलेलं नाही, ग्लोव्हज बसले असतील. मग माझाच मला संताप आला, कारण ते बसणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचे जावई दुकानात आले. उंच, शांत माणूस, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारा. त्यांना हाताला गुंडाळायची चिकटपट्टी हवी होती.

"काका, जरा रुंद द्या. सासऱ्यांच्या हातांची पार वाट लागलीय. दोन्ही तळव्यांना फोड."

मी पट्टी शोधायला खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

"बॅट हातात फिरते म्हणतात. गेल्या तीन रविवारी एक फटका धड लागला नाही," ते वरून सांगत होते. "आणि ते तुमचे ग्लोव्हज ओले करून घालून बसतात दिवसभर. दुकानातसुद्धा. तुम्ही सांगितलंत ना, आटतं म्हणून. आता वाळून असे कडक झालेत की टेबलावर टाकले तर वाजतात."

"बदलून का नाही आणले?" मी विचारलं.

"मी तेच म्हटलं! तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, मोजेरावांनी हात बघून दिलेत, त्यांचा हात चुकत नाही. चूक माझी आहे. पकड गेली माझी." जावई जरा पुढे झुकले. "परवा चिमट्यातून एक स्क्रू पडला. पूर्वीही पडायचेच की! पण आता तो त्यांनी मनावर घेतलाय. या रविवारी शेवटचा खेळतो आणि सोडतो, असं संघाला कळवून टाकलंय. दुकानाचंही काहीबाही बोलायला लागलेत. घरी आले की बसून असतात नुसते. सासूबाई घाबरल्यात."

सांगायची ती वेळ होती. पण चार हातांवर आमच्या दुकानाचे मालक उभे होते आणि मी एकोणीस वर्षांची माझी साख त्यांच्यासमोर मातीत घालायला तयार नव्हतो. मी चिकटपट्टी बांधून दिली. "रुंद आहे, नीट बसेल," असं म्हणालो. लाज वाटली, फार वाटली, पण तोंड उघडलं नाही.

त्या रात्री आणि पुढच्या दोन्ही रात्री झोप आली नाही एवढंच सांगतो, त्यात विशेष काही नाही. रविवारी सकाळी मालकांना पोट बिघडल्याचं कळवलं, मध्यम मापाची जोडी पिशवीत घातली आणि मैदानावर गेलो. ग्लोव्हज विकण्यात आयुष्य गेलं, पण खेळ बघायला म्हणून मी कधी गेलो नव्हतो. कोणाबरोबर जाणार?

तारेच्या कुंपणाशी संघाचा बाक होता. आठ-दहा माणसं, पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे, आणि त्यांच्या बायका-मुलांचा गलका. घड्याळजी बाकाच्या टोकाला बसले होते, जावई शेजारी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मला ते सहन झालं नाही.

"अरे, मोजेराव! तुम्ही आणि उन्हात? बसा, बसा. बरं केलंत आलात. आज आमचा निरोप समारंभ!" त्यांनी पट्टी गुंडाळलेले हात पुढे केले. "बघा, काय दशा झालीय. सगळं संपलं हो. तुम्ही एवढं नेमकं माप दिलंत आणि मला बॅट धरता येईना. हातातला जोर कधी गेला, कळलंच नाही."

ते हसायचा प्रयत्न करत होते. बासष्ट वर्षांचा माणूस, हनुवटी थरथरत होती. बाकावरचे इतर मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"घड्याळजी," मी म्हणालो, "ग्लोव्हज मोठे आहेत."

"हं?"

"एक माप मोठे. मला माहीत होतं. मी मुद्दाम दिले." आता थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून एका दमात सांगितलं. "कातडं आटत बिटत नाही. खोटं बोललो मी. ते सैल होते म्हणून बॅट फिरली, म्हणून फोड आले. तुम्ही बदलायला परत यावं म्हणून दिले. पुढच्या वेळेपासून येणार नाही म्हणालात ना... म्हणून."

मी तयारीनेच आलो होतो. शिव्या देतील, पोराबाळांदेखत अपमान करतील, कदाचित दुकानात येऊन मालकांना सांगतील. ते सगळं ऐकून घ्यायचं आणि मग त्यांचा हात हातात घेऊन माफी मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. रस्त्याने येताना वाक्यंसुद्धा जुळवली होती.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझी पकड..."

"पकडीला काही झालेलं नाही. काही म्हणजे काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते उठले. एकदम उठले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत संघाला ओरडून म्हणाले, "ऐकलंत का रे! माझा हात ठीक आहे! ग्लोव्हज मोठे होते! नुसते ग्लोव्हज!" बाकावर एकच हशा आणि आरडाओरडा. औषधविके धावत आले आणि त्यांनी घड्याळजींना मिठी मारली. त्यांची बायको तिकडून "काय झालं, काय झालं?" करत आली, तिला त्यांनी तेच सांगितलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पिशवीतून मध्यम जोडी काढून हातात धरून उभा होतो.

"आणलेत? द्या, द्या!" घड्याळजींनी ती माझ्या हातातून घेतली. फोडांमुळे त्यांना ती नीट चढवता येईना. मी हात पुढे केला, पण तोवर जावयांनी त्यांचा हात धरला होता. बोटांच्या बेचक्यांत दाबत दाबत त्यांनी तो ग्लोव्ह बसवला, चिकटपट्टा ओढला. नवख्याच्या मानाने चांगलं केलं. घड्याळजींनी मूठ आवळली, उघडली, पुन्हा आवळली.

"अहाहा! हे कुठलं माप?"

"मध्यम," मी म्हणालो.

"लिहून ठेव रे," ते जावयांना म्हणाले. "मध्यम. मोबाइलमध्ये टाक, म्हणजे पुढच्या वर्षी घोळ नको."

जावयांनी मोबाइल काढून लिहिलं. लिहिताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो होतो ते त्यांनी पुरतं ऐकलं होतं, शेवटचं वाक्यसुद्धा. घड्याळजींपर्यंत ते पोचलंच नव्हतं. जावयांच्या डोळ्यांत राग नव्हता, दया होती. मी नजर वळवली.

घड्याळजी खेळायला गेले. पहिले दोन चेंडू हुकले. तिसरा असा लागला की औषधविके खांदा विसरून दोन्ही हात वर करून नाचले. घड्याळजी धापा टाकत पहिल्या बेसवर, म्हणजे धावायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचले आणि तिथूनच बॅट नसलेले हात हवेत फिरवायला लागले. बायका ओरडत होत्या, पोरं उड्या मारत होती. मीही टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला होता, हेही सांगायला हवं. आणि त्याच वेळी मला कळत होतं की ते माझ्यावर रागावणारच नाहीत. आज नाही, उद्याही नाही. रागवायचं तर आधी माझा विचार करावा लागला असता. मी दिलेल्या मापाने त्यांची झोप उडाली होती, मी सांगितल्यावर ती परत मिळाली, आणि या दोन्हींच्या मध्ये मी कुठेच नव्हतो.

डाव संपला. घड्याळजी घामाने निथळत बाकाकडे आले. सगळे त्यांच्याभोवती जमले, कोणी पाणी दिलं, कोणी पाठीवर थापा मारल्या. ग्लोव्हज काढून त्यांनी तसेच ओले पिशवीत कोंबले. माझ्या ओठांवर रागवायचं वाक्य आलं आणि मी ते गिळलं. मग त्यांची नजर सहज कुंपणाकडे गेली.

"अरेच्चा, मोजेराव," ते म्हणाले, "तुम्ही अजून इथंच?"

त्यात काही वाकडं नव्हतं. ते आनंदात होते.

"निघालोच," मी म्हणालो, आणि निघालो.